घरघर म्हणजे श्वास नव्हे: कोसळलेल्या माणसाजवळच्या पहिल्या काही मिनिटांविषयी

तुम्ही लिहिलेला प्रसंग थोडक्यात असा आहे. पेठेतल्या तालमीच्या पोरांचा सकाळी फुटबॉलचा सराव चालू असताना, तो पाहायला बसलेले साठीचे एक काका बाकावरून एकदम खाली कोसळले. त्यांचे डोळे उघडे होते, हातपाय क्षणभर ताठ होऊन थरथरले आणि घशातून घोरल्यासारखा आवाज येत राहिला. फिट आली असे समजून कोणी नाकाशी चप्पल धरली, कोणी तोंडावर पाणी मारले आणि शेवटी चौघांनी उचलून त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेले; तेथे पोहोचण्यापूर्वीच मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. श्वास चालू दिसत असताना छाती दाबणे योग्य ठरले असते का, त्यात बरगडी मोडली असती तर जबाबदारी कोणाची, आणि तुमच्या वडिलांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेला असल्याने घरात कोणती तयारी ठेवावी, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी कोल्हापुरात अनेक वर्षे आपत्कालीन विभागात काम करते आणि तालमी, मंडळे, शाळा अशा ठिकाणी जाऊन प्रथमोपचार शिकवते; त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे. छाती दाबण्याच्या या उपचाराला सीपीआर म्हणतात, पण आपल्या शहरात सीपीआर म्हटले की त्याच आद्याक्षरांचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय डोळ्यांसमोर येते आणि गडबडीत लोक रुग्णाला उचलायलाच लागतात, म्हणून मी येथे सरळ ‘छाती दाबणे’ असेच म्हणेन.

तुमच्या पत्रात छाती कशी दाबावी हा प्रश्न वरवर दिसत असला, तरी खरी अडचण त्याच्या आधीची आहे. हृदय थांबले आहे हे तेथे जमलेल्या कोणालाच ओळखता आले नाही. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांतले पहिले कामही वेगळे आहे. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, घामाघूम होतो, छातीवर दडपण आल्याचे सांगतो. हृदय बंद पडते तेव्हा मात्र त्याची धडधड एकतर पूर्ण थांबते किंवा विजेच्या गोंधळामुळे ते नुसते थरथरत राहते, पुढे रक्त ढकलत नाही, आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. झटक्यातून पुढे हृदय बंद पडू शकते, पण प्रत्येक वेळी पडते असे नाही. तसेच झटक्याशिवाय अन्य कारणांनीही हृदय बंद पडते. शुद्धीवर असलेल्या माणसाची छाती कधीही दाबायची नसते.

आता घशातल्या आवाजाविषयी, कारण तुमच्या मनाला तोच लागून राहिला आहे असे दिसते. हृदय अचानक थांबल्यानंतर मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र आणखी काही मिनिटे तग धरते आणि अधूनमधून छातीला एखादा आचका देते. जबडा उघडतो, मान मागे ताणली जाते, घोरल्यासारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येतो आणि मग पुष्कळ वेळ काहीच होत नाही. अचानक हृदय थांबलेल्या सुमारे ४० टक्के माणसांत सुरुवातीला असे आचके दिसतात. त्यातून फुफ्फुसांत उपयोगी पडेल इतकी हवा जात नाही. जुनी माणसे याला ‘घरघर लागली’ म्हणतात आणि सगळे संपले असे समजून हात जोडून बाजूला होतात. तरुण मंडळी उलट श्वास चालू आहे असे समजून थांबतात. दोन्ही वेळा परिणाम एकच होतो. वास्तविक असा आचका देणाऱ्या माणसाचे हृदय नुकतेच थांबलेले असते, मेंदू अजून जिवंत असतो आणि लगेच छाती दाबली तर तो परत येण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते.

हातपाय ताठ होऊन थरथरणे हेही फसवे लक्षण आहे. मेंदूचा रक्तपुरवठा एकदम तुटला की काही सेकंद आकडीसारख्या हालचाली होतात. खऱ्या आकडीत झटके बहुधा मिनिटभर किंवा अधिक चालतात आणि ते थांबल्यावर माणूस खोल व नियमित श्वास घेऊ लागतो. येथे थरथर लवकर थांबते आणि नंतर श्वास नीट येतच नाही. विशेषतः ज्याला पूर्वी कधी फिट आलेली नाही असा मध्यमवयीन माणूस किंवा पळता पळता पडलेला तरुण खेळाडू असेल, तर फिटेचा विचार नंतर करावा आणि हृदयाचा आधी. चप्पल, फोडलेला कांदा किंवा दातांत घातलेला चमचा यांचा फिटेतही काही उपयोग होत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे तर घातक आहे.

म्हणून मी सर्वांना एकच कसोटी शिकवते. दोन्ही खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, डोळ्यांची किंवा हाताची अर्थपूर्ण हालचाल नाही, तर छातीकडे आणि पोटाकडे जास्तीत जास्त १० सेकंद पाहा. श्वास तुमच्या-माझ्यासारखा नियमित वर-खाली होत नसेल, तर छाती दाबायला सुरुवात करा. नाडी पाहत बसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांचे ठोके जाणवतात आणि त्यात बहुमोल वेळ जातो. शंका आली तरी दाबावे, असे मी स्पष्टपणे सांगते, कारण हृदय चालू असलेल्या बेशुद्ध माणसाची छाती थोडा वेळ दाबली गेली तर त्याला गंभीर इजा क्वचितच होते. तो कण्हतो, हात झटकतो आणि आपण थांबतो. याउलट थांबलेले हृदय तसेच राहू दिले, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते.

श्वास नियमित असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे, पण नजर हटवू नये. आपल्या शहराला फुटबॉल सांगायला नको, म्हणून एक उदाहरण देते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता कोसळला. संघाचे डॉक्टर पोहोचले तेव्हा तो कुशीवर होता, श्वास घेत होता आणि त्याची नाडीही लागत होती. क्षणात चित्र बदलले, तेव्हा त्यांनी तेथेच, मैदानावर, छाती दाबायला सुरुवात केली आणि यंत्राने विजेचा झटका दिला. तो शुद्धीवर आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळू लागला. त्याला आधी रुग्णवाहिकेत घालून मग उपचार करू, असे कोणी म्हटले नाही, हे मला तुमच्या तालमीतल्या मुलांच्या मनावर बिंबवायचे आहे.

कारण आपल्याकडे, आणि कोल्हापुरात तर फारच, मदत म्हणजे उचलणे असे समीकरण आहे. माणूस पडला की दहा हात पुढे येतात, रिक्षावाला भाडे सोडून गाडी वळवतो, आणि या धावून जाण्याचे मला मनापासून मोल वाटते. परंतु हृदय थांबलेल्या माणसासाठी रिक्षातला तो सारा वेळ रक्तप्रवाहाविना जातो. अचानक हृदय थांबते तेव्हा रक्तात पुष्कळ प्राणवायू शिल्लक असतो. फक्त ते रक्त मेंदूपर्यंत आणि खुद्द हृदयाच्या स्नायूपर्यंत ढकलणारे कोणी नसते. छातीचे हाड खाली दाबले की ते ढकलले जाते. नीट दाबले तरी नेहमीच्या प्रवाहाच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्साच मिळतो, पण मेंदू तगवायला आणि हृदय पुन्हा चालू होण्याजोगे ठेवायला तो उपयोगी पडतो. गावातल्या हातपंपाला जसे सुरुवातीचे काही हापसे मारल्याशिवाय पाणी येत नाही आणि थांबले की पाणी पुन्हा खाली जाते, तसेच येथे आहे: दाब तयार व्हायला अनेक दाबण्या लागतात आणि हात उचलला की तो काही सेकंदांत उतरतो. रिक्षाच्या सीटवर आडव्या-तिडव्या ठेवलेल्या माणसाला असे सलग दाबताच येत नाही. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाबण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यासाठी दोन हात पुरेत असे त्यांचे म्हणणे होते, आणि आजही तेच खरे आहे.

दाबायचे कसे ते सांगते. माणूस कडक पृष्ठभागावर उताणा हवा. पलंगावर किंवा गादीवर दाबले तर गादीच दबते, म्हणून त्याला खाली फरशीवर घ्यावे. त्याच्या छातीशेजारी गुडघे टेकून बसावे. छातीच्या मधोमध जे उभे हाड आहे त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवावी, तिच्यावर दुसरा हात, बोटे एकमेकांत गुंतवलेली. कोपरे ताठ ठेवून खांदे थेट हातांच्या वर आणावेत आणि कमरेपासून वाकून शरीराचे वजन सोडावे. नुसत्या दंडाच्या जोरावर दाबणारा पहिलवानही लवकर दमतो. छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको. वेग मिनिटाला १०० ते १२० असावा, म्हणजे ३० पर्यंतचे मोजणे १५ ते १८ सेकंदांत व्हावे. मोठ्याने मोजावे, त्यामुळे वेगही राहतो आणि भोवतालच्या लोकांनाही धीर येतो.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक म्हणजे प्रत्येक वेळी दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हात टेकलेले राहतात, पण भार काढून घ्यायचा, कारण त्याच क्षणी हृदयात नवे रक्त भरते. दुसरी म्हणजे माणूस बदलणे. आपण दमलो आहोत हे जाणवण्याआधीच दाबण्याची खोली कमी झालेली असते, म्हणून दर २ मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यावी आणि ही अदलाबदल ५ सेकंदांच्या आत व्हावी. तालमीत एवढी तगडी मुले असताना ही साखळी अर्धा तासही सहज चालेल. त्याच वेळी एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवावा, जवळची खूण नेमकी सांगावी, आणि एकाने रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून रुग्णवाहिकेला आत घ्यावे. आपल्या पेठांच्या बोळांत तिला वाट दाखवणारा माणूस नसेल तर वेळ जातो. ‘कोणीतरी फोन करा’ असे ओरडू नये, एकाचे नाव घेऊन त्याला ते काम द्यावे.

तोंडाने श्वास द्यावा का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. अचानक कोसळलेल्या प्रौढ माणसासाठी, प्रशिक्षण नसलेल्यांनी फक्त सलग छाती दाबणे पुरेसे आहे. इंडियन रिससिटेशन कौन्सिलच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही सामान्य नागरिकांसाठी हेच सांगतात. प्रशिक्षण असेल आणि मनाची तयारी असेल तर ३० दाबण्यांनंतर २ श्वास द्यावेत. परंतु रंकाळ्यात किंवा पंचगंगेत बुडालेला माणूस, गळफास घेतलेला माणूस किंवा लहान मूल यांच्या बाबतीत आधी प्राणवायू संपतो आणि मग हृदय थांबते, त्यामुळे तेथे श्वासाला फार महत्त्व आहे. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ न घालवता प्रथम तोंडाने श्वास द्यावेत आणि मग दाबायला लागावे. शेतात मोटरीचा शॉक बसला असेल तर मुख्य स्विच बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हात लावू नये. एका घरातली दोन माणसे गेल्याच्या घटना ग्रामीण भागाला नव्या नाहीत.

रुग्णवाहिका लवकर येण्याची शक्यताच नसेल तर काय, असे गगनबावडा किंवा चंदगडकडचे वाचक विचारतील, आणि त्याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. माझे मत असे आहे की तेथेही पहिली काही मिनिटे जागेवरच, माणसे बदलत, सलग दाबावे आणि तोवर सपाट तळाची मोठी गाडी मिळवावी. टेम्पोच्या हौद्यात माणूस आडवा ठेवून दोघांना बाजूला गुडघे टेकता येतात. घाटातल्या वळणांवर ते दाबणे कमी दर्जाचे होईल आणि दाबणाऱ्यालाही धोका आहे, हे मान्य करूनच तो निर्णय घ्यावा लागतो.

बरगडीची भीती मी समजू शकते, कारण दाबताना खरोखरच कधी कधी कट्‌ असा आवाज येतो आणि हाताखाली काही सुटल्यासारखे वाटते. वयस्क माणसांत बरगड्या किंवा मधले हाड मोडणे नेहमीचे आहे. हातांची जागा तपासावी आणि दाबत राहावे. बरगडी काही आठवड्यांत जुळते. कायद्याविषयी म्हणाल, तर रस्ते अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले आहे, ते अपघातापुरते आहे. पण त्याखेरीज, संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला जुन्या दंडविधानाच्या कलम ९२ मध्ये संरक्षण होते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये ते कायम आहे.

विजेचा झटका देणारे छोटे यंत्र, म्हणजे एईडी, जवळ असेल तर ते ताबडतोब आणवावे. थरथरणाऱ्या हृदयाला पुन्हा तालावर आणण्याचे काम तेच करते. दाबण्याने तोपर्यंतची मुदत वाढते. ते चालू केले की स्वतः बोलून सूचना देते: एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली छातीच्या कडेला. घाम पुसून पट्ट्या लावाव्यात, त्या लावेपर्यंत दाबणे थांबवू नये, यंत्र तपासत असताना कोणी स्पर्श करू नये आणि झटक्यानंतर पुन्हा लगेच दाबायला लागावे. आपल्याकडे ही यंत्रे अजून सर्रास दिसत नाहीत. गणेशोत्सवाला जी मंडळे एवढा खर्च करतात, त्यांतल्या चार मंडळांनी मिळून एक यंत्र घेतले आणि ते कुलपात न ठेवता सर्वांच्या हाताशी ठेवले, तर मला फार समाधान वाटेल.

येथवरचे सार असे: हाकेला उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर जागेवरच, कडक जमिनीवर, जोरात, वेगाने आणि न थांबता दाबावे, आणि फोनचे काम दुसऱ्याला द्यावे. तुमचे काका यामुळे वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. हृदय कोणत्या कारणाने थांबले यावर फार काही अवलंबून असते. ज्या लक्षणाने तुम्ही थांबलात ते लक्षण प्रशिक्षण नसलेल्या कोणालाही फसवते, म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

आता वडिलांविषयी. स्टेंट बसवलेल्या माणसाला पुन्हा झटका येऊ शकतो आणि तो नेहमी चित्रपटातल्यासारखा छाती धरून येत नाही. छातीच्या मध्यभागी जडपणा, जबड्यात, खांद्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत कळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, अकारण घाम, धाप, मळमळ, एकदम गळून जाणे, यांतले काहीही असू शकते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये दुखणे सौम्य असते किंवा नसतेच. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाल्यावर छातीत जड झाले की सोडा पिऊन ‘गॅस आहे, बसेल’ म्हणत रात्र काढलेली माणसे मी सकाळी पाहिली आहेत, आणि ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. हृदयाचा आजार माहीत असलेल्या घरात अशा वेळी पित्ताचा निष्कर्ष घरी काढू नये. ईसीजी काढून डॉक्टरांना काढू द्यावा, आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असल्यास तेथेच थांबून तो पुन्हा काढून घ्यावा.

त्यांना बसवावे, पाठीला आधार द्यावा, चालू देऊ नये, जिने उतरू देऊ नयेत; खुर्चीत बसवून खाली आणावे. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणे टाळावे, कारण वाटेत शुद्ध गेली तर काहीच करता येणार नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी, चालू रक्तस्राव, अल्सर किंवा अलीकडचा मेंदूतला रक्तस्राव नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. चावल्याने ती लवकर शोषली जाते. त्यांच्या बाबतीत हे चालेल का, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेट या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीविषयी मी अधिक सावध आहे. ती डॉक्टरांनी त्यांच्यासाठी लिहून दिलेली असेल तरच, बसलेल्या अवस्थेत द्यावी. रक्तदाब कमी असताना, किंवा हृदयाच्या उजव्या भागाचा झटका असताना तिने दाब धोकादायकरीत्या उतरतो. लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांपैकी सिल्डेनाफिल घेऊन २४ तास किंवा टाडालाफिल घेऊन ४८ तास झालेले नसतील तर ती देऊच नये. शेजाऱ्याच्या खिशातली गोळी तर मुळीच नको. जोरजोरात खोकल्याने झटका थांबतो असा जो संदेश मोबाइलवर फिरतो, त्याला घरगुती उपचार म्हणून आधार नाही.

कोणत्या रुग्णालयात जायचे हे आधीच ठरवा आणि त्यांचा आपत्कालीन क्रमांक भिंतीवर लावा. चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारे केंद्र असे असावे की पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून २ तासांच्या आत बंद रक्तवाहिनी उघडता येईल. तेवढ्यात पोहोचणे शक्य नसेल, तर ज्या जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते तेथे आधी जावे आणि नंतर मोठ्या केंद्राकडे निघावे. ते इंजेक्शन १२ तासांपर्यंत देता येते, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा लाभ सर्वाधिक असतो. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटची माहिती, चालू औषधांची यादी आणि जुना ईसीजी एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. जुना ईसीजी शेजारी असला की नवा बदल आम्हाला लगेच दिसतो.

आणि रुग्ण आमच्या हाती देताना, मग तो वडील असोत वा मैदानावरचा अनोळखी माणूस, चार गोष्टी सांगणारा एक जण त्याच्यासोबत यावा: त्रास किंवा कोसळणे किती वाजता झाले, कोसळताना कोणी पाहिले का, छाती दाबायला केव्हा सुरुवात झाली, आणि कोणती औषधे दिली. पुढचे बरेचसे निर्णय आम्ही या चार उत्तरांवरून घेतो.